वृक्षारोपणाच्या आधीचं वर्ष

प्रश्न थोडक्यात असा आहे: सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या एका तालुक्याच्या गावात एक वसाहत आहे. दर जुलैत तिथले लोक मिळून वृक्षारोपण करतात आणि पुढच्या मेपर्यंत त्यातलं फारसं काही उरत नाही. आता त्यांना स्थानिक झाडं लावायची आहेत, मुलांना ती ओळखायला शिकवायची आहेत, जमल्यास स्वतःची छोटी रोपवाटिकाही करायची आहे. सुरुवात कुठून करावी, वर्षभर लोक टिकून राहतील असे कोणते उपक्रम घ्यावेत, आणि सीडबॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, टाकावेत का?

यंदाचं वृक्षारोपण रद्द करा, हे माझं पहिलं उत्तर. टेंपोतून रोपं येतात, खड्डे आधीच कोणीतरी खणून ठेवलेले असतात, पाहुणे एकेक रोप हातात धरून उभे राहतात आणि दीड तासात सगळे घरी जातात. रोप कोणत्या झाडाच्या बीपासून झालं, ते याच मातीत का लावायचं, यातलं काहीच कोणाला कळत नाही. ज्याची ओळखच नाही त्या रोपाला मार्चमध्ये पाणी घालायला कोण जाणार? म्हणून पहिलं वर्ष झाडं बघण्याचं, बिया गोळा करण्याचं आणि रोपं वाढवण्याचं ठेवा. खड्डे दुसऱ्या पावसाळ्यात खणा.

आधी एक वाट ठरवा. तासाभरात रमतगमत फिरता येईल एवढीच, पण ओढ्याचा काठ, शेताचा बांध, देवळामागची झाडी आणि वसाहतीतला रस्ता हे सगळं थोडं थोडं लागेल अशी. तिच्यावरची वीस-पंचवीस झाडं निवडून नकाशावर त्यांना क्रमांक द्या (झाडांना खिळे ठोकून पाट्या लावू नका, ही कळकळीची विनंती). महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, त्याच झाडांकडे जा. दर वेळी नवी जागा निवडलीत तर त्याची सहल होते, आणि सहलीत झाडापेक्षा डबेच जास्त लक्षात राहतात. वहीत प्रत्येक झाडापुढे पाच गोष्टी लिहा: कोवळी पालवी, फूल, कच्चं फळ, पिकलेलं फळ, आणि झाडावर कोण आलं होतं. गावातली शाळा बरोबर असेल तर 'सीझनवॉच' या देशभर चालणाऱ्या उपक्रमात मुलं अशाच नोंदी टाकू शकतात.

वर्षाअखेरी ही वही म्हणजे तुमच्या परिसराचं बियांचं पंचांग होतं. ते बाहेरून कोणी देऊ शकत नाही. घाटमाथ्यावरून थोडं पूर्वेला आलं की पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि एकाच जातीची फळं दोन ठिकाणी पुढेमागे पिकतात. खाली मी जे महिने देतो आहे ते ढोबळ समजा.

पहिल्याच फेरीत एक वाद होईल, तो होऊ द्या. रस्त्याकडेचा गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री आणि नीलमोहर अमेरिका खंडातले, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ आणि डोंगरांवर लावलेली गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. इथवर लोक मान डोलावतात. चिंच मूळची आफ्रिकेची म्हटलं की मात्र ज्येष्ठ मंडळी बिथरतात. माझं मत विचाराल तर चिंचेशी भांडण नको. ती शतकानुशतकं इथे आहे आणि रान गिळत सुटत नाही. परदेशी असणं वेगळं आणि आक्रमक असणं वेगळं. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, वेडी बाभूळ ही मंडळी दुसऱ्या प्रकारातली, कारण त्यांच्या खाली नि आसपास दुसरं फारसं काही उगवू शकत नाही. हिवाळ्यात पाच-सहा जणांनी एखाद्या छोट्या तुकड्यातली घाणेरी मुळासकट काढली, तर पुढच्या पावसात तिथे आपोआप काय उगवतं ते पाहणं हासुद्धा उत्तम उपक्रम आहे. पुष्कळदा रोप लावायची गरजच पडत नाही. उभा गुलमोहर मात्र तोडू नका. तुमच्या गावात नगरपरिषद असेल, तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय तसं करताही येत नाही.

ओळख शिकवायची तर जोड्या लावून शिकवावी, व्याख्यानाने शिकवू नये. दसऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी आपटा आणि कांचन शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींची पानं दुभंगलेली, म्हणून आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या सर्रास ओरबाडल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. फुलं बारीक, फिकट पिवळसर. कांचनाचं पान मोठं, फुलं ठसठशीत गुलाबी-जांभळी किंवा पांढरी. एकदा हातात घेऊन पाहिलं की लहान मूलही चुकत नाही, आणि घरी जाऊन आजोबांना दुरुस्त करतं. आपट्याच्या शेंगा हिवाळ्यात पिकायला लागतात. त्या बिया उन्हाळ्यात पेरल्या तर दसऱ्याला फांद्यांऐवजी वाटायला रोपं तयार असतात. सणाला जोडलेला उपक्रम लोकांना पुन्हा आठवण करून द्यावी लागत नाही.

अशीच दुसरी जोडी अंजन आणि अंजनी. अंजन हा कोरड्या पट्ट्यातला मोठा वृक्ष, हार्डविकिया बायनाटा. अंजनी म्हणजे घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानातली मेमेसायलॉन अम्बेलेटम, निळ्या फुलांची. रोपवाटिकेत फोनवरून एकाची मागणी केली आणि दुसरंच हाती आलं, असं घडू शकतं. म्हणून वहीत मराठी नावाबरोबर शास्त्रीय नावही लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

गावातल्या जाणत्यांना बोलवा, पण खुर्चीवर बसवून सत्कार करायला नको; वाटेवर चालायला बोलवा. गुराख्याला गुरं काय खातात आणि काय टाळतात ते माहीत असतं. भाजीला रानात जाणाऱ्या बायकांना कंद कुठे, फूल कधी, हे पाठ असतं. ठाणे-रायगडकडे शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळं घालतात, कारण नुसतं शेवळ घशाला खाजतं. दोन वनस्पती एकाच हंगामात, एकाच रानात, एका भांड्यात: वनस्पतिशास्त्राचा यापेक्षा चांगला तास मला तरी माहीत नाही. अशी माहिती मिळाली की ती सांगणाऱ्याच्या संमतीनेच लिहा. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ती वही कपाटात पडून असते. ती मागून घ्या आणि तुमच्या नोंदींनी भरायला मदत करा.

आता बिया. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक इथेच अडकतात किंवा इथेच कायमचे गुंततात.

सगळ्या बिया सारख्या वागत नाहीत. काही बिया वाळल्या की मरतात. जांभूळ, आंबा, मोह या त्या गटातल्या. जांभळाच्या बिया जून-जुलैत गोळा करून डब्यात जपून ठेवल्या आणि पुढच्या मार्चमध्ये पेरल्या, तर काहीही उगवणार नाही. गर धुवा, सावलीत निथळू द्या आणि आठवड्याच्या आत पेरा. मुलांना त्यात एक बक्षीस मिळतं: जांभळाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं वर येतात. कडुनिंबाच्या निंबोळीचंही असंच, काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती उतरते.

दुसऱ्या टोकाला बहावा. त्याच्या बीचं कवच इतकं घट्ट की पाणी आतच जात नाही, आणि नुसतं पेरलं तर बी जमिनीत महिनोन् महिने तसंच पडून राहतं. मोठ्या रोपवाटिकांत त्यावर आम्ल वापरतात. लोकांच्या उपक्रमात ते अजिबात आणू नका. पॉलिश पेपर आणा. बी ज्या टोकाला शेंगेच्या पडद्याला चिकटलेलं होतं ते टोक सोडून, विरुद्ध बाजूचं कवच आतला फिका रंग दिसेपर्यंत घासा. मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जी फुगली ती पेरायची, जी फुगली नाहीत ती पुन्हा घासायची. निम्म्या बिया न घासता वेगळ्या वाफ्यात पेरायला सांगा. महिन्याभराने दोन वाफे शेजारी शेजारी पाहिल्यावर रानात हे घासण्याचं काम कोण करत असेल, असा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. मग त्यांना माकडं, कोल्हे आणि अस्वलं बहाव्याच्या शेंगा खातात ते सांगा. शिरीषासारख्या काही शेंगवर्गीय बियांना एवढी मेहनत लागत नाही. उकळून खाली उतरवलेलं पाणी ओतावं आणि ते गार होऊन दिवसभर तसंच राहू द्यावं.

नवख्या गटाने करंजापासून सुरुवात करावी. शेंगा उन्हाळ्यात मिळतात, प्रक्रिया काही लागत नाही, दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो आणि वर्षभरात लावण्याजोगं रोप होतं. पहिल्या यशाचा मोठा उपयोग असतो. पळसही सोपा. चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं, मे-जूनमध्ये गोळा करावं आणि लगेच पेरावं. शिवण, अर्जुन, बेहडा दुसऱ्या फेरीत घ्या. त्यांची कठीण फळं काही दिवस पाणी बदलत भिजवावी लागतात आणि ती एकाच वेळी उगवत नाहीत, त्यामुळे वाफा उलटायची घाई करू नये. धावड्याच्या वाट्याला सुरुवातीला जाऊच नका. त्याच्या बहुतेक बिया पोकळ असतात आणि मुठीमुठीने पेरूनही हाती फार थोडं लागतं. चंदन दिसायला सोपं, पण ते अर्धपरजीवी आहे, म्हणजे शेजारच्या झाडाच्या मुळांतून काही पोषण घेतं. शेजारी तुरीसारखं यजमान झाड नसेल तर रोप काही दिवसांनी खंगतं.

वड, पिंपळ, उंबराच्या बिया मोहरीपेक्षाही बारीक. वड आणि उंबर पावसाच्या तोंडावर जाड खुंट लावूनही येतात, पांगाराही. मात्र एकाच झाडाचे सगळे खुंट म्हणजे तेच झाड पुन्हा पुन्हा लावणं, हे लक्षात असू द्या. बियांनाही हेच लागू. देवळासमोरच्या एकट्या देखण्या झाडाच्या सगळ्या बिया गोळा करायचा मोह होतो, पण एकमेकांपासून दूर असलेल्या दहा-पंधरा झाडांखालून थोड्या थोड्या बिया घेतल्या तर पुढची पिढी रोगराईला आणि दुष्काळाला जास्त चांगली तोंड देते. एका झाडाखालच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त उचलू नका. बाकीचं खारी, पाखरं आणि त्या झाडाचं स्वतःचं आहे. अभयारण्यातून किंवा राखीव वनातून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही आणायचं नाही. देवराईत तर आधी गावाला विचारा. तिथून काडीही न्यायची नाही असा रिवाज कित्येक देवरायांत आहे, आणि त्या रिवाजामुळेच ती झाडी आजवर टिकली.

मुलं बरोबर असतील तर तीन गोष्टी आधी दाखवून ठेवा. गुंजेच्या लाल-काळ्या बिया विषारी असतात. बिब्ब्याच्या रसाने कातडीला फोड येतात. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली तर त्या दिवसाचा कार्यक्रम तिथेच संपतो.

रोपवाटिकेला जागा फार लागत नाही. अर्धी सावली, पाण्याचा नळ आणि शेळ्या शिरणार नाहीत असं कुंपण एवढं पुरे. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. चिकण काळी माती असेल तर वाळू वाढवा. दुधाच्या पिशव्या चालतात, खाली भोकं पाडायला विसरू नका. पिशव्या भरण्याचं काम एका रविवारी पंधरा-वीस जणांनी मिळून करावं. तेवढीच गप्पांची संधी. दर दीड-दोन महिन्यांनी पिशव्या उचलून जागा बदलायची, नाहीतर मुळं खालच्या जमिनीत शिरतात आणि लावणीच्या दिवशी ती तोडूनच रोप उचलावं लागतं. प्रत्येक रांगेला पाटी: नाव, कोणत्या झाडाची बी, पेरणीची तारीख. वहीत पेरल्या किती, उगवल्या किती, हेही लिहा. पुढच्या वर्षी हा आकडा कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाचा असतो.

रोपवाटिका मरते ती मे महिन्यात. रोगाने नाही, सुट्टीने. सगळे गावी जातात आणि दहा दिवस झारी कोणी उचलत नाही. एप्रिलच्या बैठकीत दुसरा कोणताही विषय घेऊ नका, फक्त पाण्याची पाळी लिहा, आणि प्रत्येक पाळीला दोन नावं. कोणीच नसेल त्या आठवड्यासाठी पैसे देऊन माणूस ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. मोठी कार्यकारिणी मात्र करू नका. बियांचा एक, पाण्याचा एक आणि वहीचा एक अशी तीन माणसं पुरतात. बाकीचे येतील-जातील, त्यांच्यावर रुसू नये.

लावायचं कुठे, यावर मी थोडा कडक आहे. गावाबाहेरचा माळ ओसाड नाही. मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांवर तिथे टिटव्या, चंडोल आणि खोकड जगतात, आणि मेंढपाळांची चराईही चालते. आपल्याकडचा माळढोक नाहीसा होत गेला त्याच्या कारणांमध्ये अधिवास हरवणं हे मोठं कारण आहे, आणि माळावर झाडं लावल्याने गवताळ अधिवास बदलतो. सड्यांचंही, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांचंही, तसंच. कासच्या पठारासारख्या कातळावर बोटभर मातीत जी फुलं येतात, तिथे खड्डा खणून वड लावणं म्हणजे हिरवा रंग देऊन मूळ चित्र पुसणं आहे. तुमच्या भागात झाडांसाठी खरी जागा ओढ्याचे काठ, शेतांचे बांध, रस्त्याच्या कडा, शाळेची हद्द आणि झाडी तुटलेले उतार इथे आहे. ओढ्याकाठी अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर लावा. कोरड्या बांधावर बहावा, पळस, शिवण, आपटा. जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्या, मग ती ग्रामपंचायत असो की चुलतभाऊ. मियावाकी पद्धतीबद्दल, म्हणजे छोट्या जागेत खूप दाट झाडं लावण्याबद्दल, लोक विचारतात. वसाहतीतल्या छोट्या तुकड्यात, दोन-तीन वर्षं पाण्याची खात्री असेल तर करून बघायला हरकत नाही. डोंगरावर किंवा माळावर नको.

लावणी दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती खोलवर भिजल्यावर करावी, कार्यक्रमपत्रिकेच्या तारखेला नव्हे. दिवाळीनंतर रोपाभोवतीचं गवत कापून त्याचंच आच्छादन करा आणि लागवडीच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढा, कारण वणवा एका दुपारीत सगळं नेतो. पहिला उन्हाळा आठवड्याला एक-दोन बादल्या, दुसऱ्याला थोडं कमी. किती लावली हे विचारणाऱ्याला दोन उन्हाळ्यांनंतर किती उभी आहेत तो आकडा सांगा. पाण्याची पाळी जेवढ्या रोपांना पुरते तेवढीच लावा. पन्नास जगली तरी तुमच्या वसाहतीसाठी पुष्कळ झालं.

ज्यांना डोंगर चढता येत नाही किंवा ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी आहे, त्यांना फुलपाखरांचं खातं द्या. कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर लाइम बटरफ्लाय अंडी घालतं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग एक दिवस हिरवी होते. तिचे फोटो रोज गटावर आले की कढीपत्त्यावर औषध मारा म्हणणारे हळूहळू गप्प होतात. कुंपणाशी रुई असेल तर उपटू नका, तिच्यावर प्लेन टायगरची अळी सापडेल.

सीडबॉलबद्दल. मी त्यांच्या फारसा बाजूने नाही. मातीच्या गोळ्यात बंद करून महिना-दोन महिने ठेवलेली जांभळाची बी आत मेलेली असते, आणि बहाव्याची न घासलेली बी गोळा फुटल्यावरही तशीच पडून राहते. जे उगवतं त्याला पहिल्या उन्हाळ्यात पाणी मिळत नाही, शेळ्या खातात. शिवाय गोळ्यांत कोणत्या बिया आहेत हे कोणी तपासत नाही. कॉसमॉससारखी शोभेची परदेशी फुलं काही डोंगरांवर पसरली आहेत, त्यात अशा हौसेचा वाटा कितीतरी असेल. मुलांना मातीत हात घालायची मजा द्यायची असेल तर गोळे जरूर करू द्या, पण ताज्या करंजाचे किंवा पळसाचे, आणि ते भिरकवायचे नाहीत. ओळखीच्या बांधावर, पावसाच्या तोंडावर, काठीने खूण करून बोटभर खोल पुरायचे. ऑगस्टच्या फेरीत त्या काठ्या शोधायला मुलं सगळ्यांच्या पुढे पळतात.